मुलासाठी पलंग घेताना आधी फटी मोजा

आमची थोरली आठ महिन्यांची होती. दुपारी तिला डबल बेडच्या मधोमध झोपवून मी ओट्यापाशी गेले होते. पाच-सात मिनिटांत रडण्याचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता, दाबल्यासारखा होता. धावत जाऊन बघते तर पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ती काखांपर्यंत खाली गेलेली, हनुवटी गादीच्या काठावर टेकलेली. पलंग भिंतीपासून जेमतेम चार बोटं लांब होता. तिच्या वजनाने गादी दबली, पलंग जरासा सरकला आणि फट तिच्या मापाची झाली. पोरीला काही झालं नाही. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत आमच्या पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक जुना घेतलेला क्रिब (चारही बाजूंनी गजांचा कठडा असलेला बाळाचा पलंग), सुताराकडून करून घेतलेला एक बुटका पलंग आणि शेवटी धाकट्याची कॉट आली. सोसायटीत कुणाकडे बाळ येणार असलं की टेप घेऊन मला बोलावतात. एवढ्या अनुभवावरून सांगते, की लाकूड कुठलं, रंग कुठला, कार्टूनचं चित्र आहे की नाही हे सगळं नंतरचं. मुलाचा पलंग बघायला गेलात की त्यातली रिकामी जागा आधी बघा. गजांमधली, गादी आणि चौकटीमधली, पलंग आणि भिंतीमधली, कठड्याखालची. मूल अडकतं ते तिथेच.

निघण्यापूर्वी: दोन पुठ्ठे आणि एक टेप

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा. एक बरोबर ६ सेंटिमीटर रुंद, दुसरा ९ सेंटिमीटर रुंद. दोन्हींवर पेनाने माप लिहा आणि पर्समध्ये ठेवा. दुकानात टेप काढून वाकून मोजायला संकोच वाटतो, मोजलं तरी आकडा लक्षात राहत नाही. पुठ्ठा फटीत धरला की लगेच कळतं: रुंदीच्या बाजूने पार गेला तर फट मोठी आहे.

६ सेंटिमीटर ही क्रिबच्या गजांमधल्या अंतराची कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत सरकारी नियमात २⅜ इंच आहे, म्हणजे तेवढंच. कारण समजून घ्या, मग माप विसरणार नाही. बाळ फटीत शिरतं ते पायांकडून. पाय जातात, कंबर जाते, पोट दबून जातं. डोकं जात नाही. धड बाहेर लोंबकळतं आणि मान गजात अडकते. ६ सेंटिमीटरमधून कंबरच जात नाही. ९ सेंटिमीटरचा पुठ्ठा मोठ्या मुलांच्या पलंगाच्या कठड्यासाठी आहे, त्याकडे पुढे येते.

पहिले पाच-सहा महिने: पाळणा, झोळी आणि मोहरीची उशी

बारशाला पाळणा हवाच. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरचा शिसवी पाळणा आहे, पितळी साखळ्यांचा, आणि दोन्ही मुलांची नावं त्यातच ठेवली. पण रात्रभर झोपवण्यासाठी पाळणा घेत असाल तर तो सपाट आहे का ते बघा. तळ कापडाचा असेल तर बाळाच्या वजनाने मध्ये खोलगट होतो आणि बाळ कडेला लोळतं. तळ फळीचा हवा. झोका अडवून ठेवायची खुंटी किंवा खटका हवा, म्हणजे बाळ झोपल्यावर पाळणा स्थिर करता येतो. कड्या, हूक आणि दोरी दर आठवड्याला हाताने ओढून बघा. बाळ पालथं पडायला लागलं किंवा हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, की पाळणा बंद. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात ही वेळ येते.

साडीच्या झोळीबद्दल मी स्पष्टच बोलते. बाळ तिच्यात धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याची श्वासनलिका इतकी मऊ असते की तेवढ्याने ती दबू शकते. दुसरा धोका घरातल्या मोठ्या भावंडांचा. रिकाम्या झोळीत झोके घेताना कापडाला पीळ बसून गळ्याला फास लागल्याने मुलं दगावली आहेत. झोळी बांधलीच असेल तर बाळ उचललं की झोळीही सोडून ठेवा.

आता मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून बाळंतविड्यात ती येतेच, प्रेमाने येते. ती कपाटात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात उशी, लोड, दुलई, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या गुबगुबीत झालरी यातलं काहीही नको. नाकावर मऊ वस्तू आली तर ती बाजूला करायची ताकद त्या मानेत नसते. डोकं चपटं होऊ नये म्हणून जागेपणी समोर बसून बाळाला पालथं ठेवा आणि झोपवताना डोक्याची दिशा आलटून पालटून बदला.

झोपवायचं ते पाठीवर, रात्रीही आणि दुपारीही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, उताणं झोपवलंस तर दूध घशात अडकेल." ही भीती पुष्कळ घरांत असते. मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं, त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच राहतं. पालथं झोपवलं की उलट होतं. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. तो कागद सासूबाईंनी स्वतः फ्रिजवर लावला.

पुण्याची डिसेंबर-जानेवारीतली पहाट गारठ्याची असते, हे खरं. दुलईऐवजी झबल्यावर झबलं घाला, किंवा अंगात घालायचं पिशवीसारखं पांघरूण मिळतं ते वापरा. कुंची बाहेर नेताना घाला, झोपताना काढा. सुटली तर ती तोंडावर येते आणि डोकं झाकलं की बाळाचं अंग फार तापतं. बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या बंद करण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. कोळशाच्या त्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी नकोच.

क्रिब घेताना

पहिला पुठ्ठा काढा. एकच फट तपासून थांबू नका, चारही बाजूंच्या सगळ्या फटी तपासा. जुन्या क्रिबमध्ये एखादा गज सैल असतो आणि दाबला की दोन फटींची एक मोठी फट होते. उशाकडच्या फळीत नक्षी कोरलेली असेल, हृदय नाहीतर चांदणीचं भोक असेल, तर तेही मोजा. कोपऱ्यांचे खांब वर आलेले नकोत. झबल्याची नाडी किंवा गळ्यातला काळा दोरा त्यात अडकतो. झोपताना गळ्यातलं काढून ठेवायचं, मग ती आजीने घातलेली सोन्याची साखळी असो की दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोरा.

एक बाजू खाली सरकणारा क्रिब घेऊ नका. आईला वाकावं लागत नाही म्हणून तो सोयीचा वाटतो, पण सरकपट्टीचा प्लास्टिकचा तुकडा तुटला की ती बाजू एका कोपऱ्यात निखळते आणि तिथे बाळाच्या मापाची फट तयार होते. बाळं दगावल्यावर अमेरिकेने २०११ मध्ये असे क्रिब विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या बाजारात ते सर्रास दिसतात.

पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतं आणि क्रिब खोलून पुन्हा जोडला जातो. भुशाच्या फळीत बसवलेला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही, तिसऱ्यांदा तर नुसता फिरतो. म्हणून जोड नट-बोल्टचे आहेत का ते विचारा. जुना क्रिब घ्यायचाच असेल तर तो जोडलेल्या स्थितीत बघायला जा. दोन्ही हातांनी वरचा कठडा धरून जोरात हलवा. कुरकुर चालेल, हलता कामा नये. एखादा स्क्रू हरवलाय, "तिथे तारेने बांधून टाका" असं कुणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करून परत या.

रंगाचंही बघा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या क्रिबचा भरवसा देता येत नाही, आणि दात येणारं बाळ कठडाच चावतं. असा क्रिब घरात पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंगवू नका, उडणारी धूळ रंगापेक्षा वाईट.

बाळ बसायला लागलं की गादीची पातळी खाली घ्या, धरून उभं राहायला लागलं की सगळ्यात खाली. या शेवटच्या पातळीवर गादीपासून कठड्याची उंची साधारण ६५ सेंटिमीटर भरायला हवी. आणि मूल ८९ सेंटिमीटर उंच झालं, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीशी येऊ लागला, की क्रिबचा काळ संपला. वय दीड वर्ष असो की अडीच.

गादी

पलंगाच्या किमतीत घासाघीस करून थकलेले लोक गादीकडे दुर्लक्ष करतात, आणि मला विचाराल तर बाळासाठी गादी पलंगाहून महत्त्वाची आहे. तिच्यावर तळहात जोरात दाबा आणि उचला. खळगा लगेच भरून आला तर ठीक. हाताचा ठसा क्षणभरही राहिला तर ती बाळासाठी नाही. मेमरी फोम मोठ्यांच्या पाठीला बरा वाटतो, पण बाळाचं तोंड त्यात रुतलं तर बाळाचाच उच्छ्वास तिथे साचतो. काथ्याची किंवा घट्ट फोमची गादी चांगली. कापसाची हवी असेल तर गादीवाल्याकडून नवी, पातळ आणि गच्च भरून घ्या. मध्ये बसलेली जुनी गादी वर दुपटं घालून वापरू नका.

गादी क्रिबमध्ये घातल्यावर कडेने दोन बोटं जातील एवढीच जागा राहायला हवी. दोनहून जास्त बोटं गेली तर गादी बदला. त्या फटीत चादरीची गुंडाळी कोंबणं हा उपाय नव्हे, ती रात्रीतून वर येते. गादीवरचं पातळ प्लास्टिकचं वेष्टण काढून टाका. लघवीसाठी रबरी कापड घालत असाल तर ते चादरीखाली ताणून चारही बाजूंनी खोचा.

आईच्या कुशीत, किंवा जमिनीवर

बाळ आई-वडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, निदान पहिले सहा महिने, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्या घरांत बाळ आईजवळ झोपतं, आणि रात्री तीन वेळा उठून पाजणाऱ्या बाईला हे शब्द ऐकवणं सोपं नाही हे मला माहीत आहे. मग निदान एवढं पाळा: बाळ आईच्या एका बाजूला, आई-वडिलांच्या मध्ये नाही, मोठ्यांच्या उशा-पांघरुणांपासून दूर, दारू प्यायलेलं, सिगारेट ओढणारं किंवा झोपेची गोळी घेतलेलं कुणीही त्या अंथरुणात नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर वेगळंच अंथरूण. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागू देऊ नका, त्यासारखी धोक्याची जागा घरात दुसरी नाही.

माझ्या प्रसंगानंतर आम्ही डबल बेड दोन महिने वापरलाच नाही. घट्ट गाद्या जमिनीवर, भिंतीपासून दोन हात लांब टाकल्या. तिथून पडायला जागाच नव्हती. कमी खर्चात याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

ऑनलाइन मिळणारा जाळीचा बेड गार्ड, म्हणजे पलंगाच्या कडेला लावायचा कठडा, मात्र बहुतेक जण चुकीच्या वयात घेतात. तो दोन ते पाच वर्षांच्या, पलंगावर स्वतः चढ-उतर करणाऱ्या मुलासाठी असतो. आठ महिन्यांचं बाळ लोळत त्या जाळीला टेकलं की जाळी बाहेर झुकते, गादी आणि जाळीमध्ये खिसा तयार होतो आणि बाळ त्यात जातं. म्हणजे आमच्या भिंतीजवळच्या फटीसारखीच फट आपण पैसे देऊन आणतो.

दोन वर्षांनंतर: सुताराकडून की दुकानातून

पडणं थांबवता येत नाही, उंची कमी करता येते. गादीचा वरचा भाग जमिनीपासून दीड फुटाच्या आत ठेवा, फूटभर असेल तर उत्तम. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान आणून आम्ही असाच पलंग करून घेतला. सुतारकाकांनी आधी नेहमीचाच नमुना दाखवला. मी कठड्याखालच्या फटीबद्दल विचारलं तर म्हणाले, "ताई, गादी आली की फट बुजते." मग गादी आणून ठेवली आणि ९ सेंटिमीटरचा पुठ्ठा घातला, तो पार गेला. त्यांनी न कुरकुरता एक पट्टी वाढवली आणि त्यानंतर दुसऱ्या गिऱ्हाइकांकडेही तशीच लावतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

गादीचं माप आधी ठरवा, चौकट नंतर. आपल्याकडे सिंगल गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत मिळतात, रुंदी ३६ इंच. चौकट ७५ ची आणि घरातली गादी ७२ ची असली की पायथ्याशी ३ इंचांची, म्हणजे साडेसात सेंटिमीटरची फट राहते. सुताराला सांगायचं ते असं: सगळे कोपरे गोल, कडा रंधून घासलेल्या, गादीखालची फळी पूर्ण किंवा पट्ट्या जवळजवळ आणि दोन्ही टोकांना स्क्रूने बसवलेल्या. प्लाय वापरणार असाल तर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का फळीवर स्वतः बघा. पॉलिशचा उग्र वास पूर्ण जाईपर्यंत पलंग गच्चीत, बाल्कनीत, जमेल तिथे उघडा ठेवा. आमचा तीन आठवडे राहिला.

छोट्या फ्लॅटमध्ये सामान ठेवायला जागा नसते, म्हणून पिस्टनवर उचलायचा पेटीचा पलंग मुलांच्या खोलीतही येतो. माझं मत पक्कं आहे, तो आणू नका. गॅसचा पिस्टन वर्षानुवर्षांनी दमतो आणि गादीसकटचं झाकण हातावर, मानेवर येतं. लपाछपीत मूल आत शिरलं आणि झाकण बसलं तर आतून उचलण्याची ताकद त्याच्यात नसते, हवाही पुरत नाही. घरात आधीच असला तर बाहेरून कुलूप लावा, आणि सुताराला सांगून पेटीला बाजूने हवेची भोकं पाडून घ्या. मुलांसाठी खाली मोकळा पलंग बरा. केर काढता येतो, ढेकूण झाले तर लगेच दिसतात. ढेकणांचं औषध मारलं तर मारणाऱ्याने सांगितलेला वेळ आणि वर एक दिवस मुलांना त्या खोलीत झोपवू नका.

दोन मजली पलंग आणि छताचा पंखा

धाकटा तीन वर्षांचा झाल्यावर आम्हीही दोन मजली पलंग बघत होतो. वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल नको. वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान १३ सेंटिमीटर वर हवा, तोही गादी घातल्यावर मोजून. दुकानातला पातळ नमुना बघून घेतो आणि घरी आठ इंची गादी टाकतो, मग कठडा नावालाच उरतो. भिंतीकडच्या बाजूलाही कठडा हवा आणि कुठल्याही फटीतून ९ सेंटिमीटरचा पुठ्ठा जाऊ नये. हे सगळं आम्हाला जमलं होतं. अडलं ते पंख्यापाशी.

हिशोब करून बघा. आपल्या फ्लॅटची उंची साधारण ९ फूट. पंखा फूटभर खाली, म्हणजे पाती ८ फुटांवर. वरच्या मजल्याची गादी ५ फुटांवर. आठ-नऊ वर्षांचं मूल बसलं तरी डोकं सव्वासात फुटांवर जातं, हात वर केला की पातीपर्यंत पोहोचतो. आता आडवं मोजा. खोली १० फूट रुंद, पंखा मधोमध ५ फुटांवर. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट येतं, म्हणजे भिंतीपासून ३ फुटांवर. पलंगाची रुंदीही ३ फूट. पातं बरोबर पलंगाच्या काठाशी फिरतं. दुकानात पंखा नसतो म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. पंखा काढून भिंतीवरचा पंखा, पलंगापासून लांबच्या भिंतीला, लावायची तयारी असेल तरच दोन मजली पलंगाचा विचार करा. आमची नव्हती. आम्ही खालून ओढून काढायची दुसरी कॉट केली.

पलंग खोलीत कुठे

खिडकीखाली नको, हे सगळ्यात आधी. सातव्या मजल्यावर पलंग म्हणजे खिडकीची शिडी होते, आणि आडव्या गजांची ग्रिल असेल तर पुढची पायरी तीच. पडद्याच्या दोऱ्या, चार्जरची वायर, डासांच्या मशीनची बाटली हे सगळं पलंगावरून हात पुरणार नाही इतकं, निदान ९० सेंटिमीटर लांब. कपाट आणि बुकशेल्फ भिंतीला पट्टीने ठोकून घ्या. पलंग भिंतीला टेकवायचा तर पूर्ण चिकटवा आणि पायांना सरकू नये म्हणून रबर लावा. नाहीतर चांगला फूट-दीड फूट लांब ठेवा. मधलं अंतर नको.

पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने मच्छरदाणी लागतेच. ती ताणून गादीखाली खोचलेली असावी. छत्रीसारखी छोटी मच्छरदाणी बाळ लोळायला लागेपर्यंतच ठीक, पुढे ते जाळीत गुंडाळलं जातं. खिडक्यांना जाळी बसवणं हा त्यावरचा टिकाऊ इलाज.

वर्षातून दोनदा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, आणि घट्ट बसलेले बोल्ट सैल होतात. आमच्याकडे हे काम दसऱ्याला असतं. शस्त्रपूजेला पाना ठेवतो, पूजा झाली की तोच उचलून दोघांच्या पलंगांचे बोल्ट आवळतो. पुठ्ठे आता थोरलीच धरते, आणि एखाद्या फटीतून पुठ्ठा पार गेला तर मला हाक मारते.